खिरापतीच्या डब्यातलं गणित

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. घरात सगळे एकदम बोलतायत, माझं कुणीच ऐकत नाहीये, म्हणून मोबाइल घेऊन गॅलरीत येऊन बसलेय आणि धडाधड टाइप करतेय. पण शेवट आधी नाही सांगणार. आधी सांगितला तर अख्खं नवरात्र मी कसं काढलं ते तुम्हाला कळणारच नाही.

तर झालं असं. माझ्या दादाची नंदुरबारहून बडोद्याला बदली झाली, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात. तो आला तो आमच्याच घरी, कारण आई आणि मी इथेच असतो. बरोबर वहिनी आणि माझी आठ वर्षांची भाची. आता शाळेचं अर्धं वर्ष संपलेलं. तिसरीत मधेच कोण घेणार? दादाने सुट्ट्या टाकून टाकून शाळा पालथ्या घातल्या. शेवटी घराजवळच्याच एका शाळेतून फोन आला, की तिसरीतलं एक मूल गाव सोडून गेलंय, एक जागा आहे. एकच. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन या, थोडं गणित करून घेऊ, थोडं लिहून घेऊ, मग ठरवू. लिहायचं ते मराठीत लिहिलं तरी चालेल, आमच्या टीचरना मराठी वाचता येतं.

आणि नाही जमलं तर? तर वहिनी आणि भाची परत नंदुरबारला, वहिनीच्या माहेरी, जूनपर्यंत. जुनी शाळा घ्यायला तयार होती. दादा इथे, त्या दोघी तिथे. वहिनीने मोठी बॅग उघडलीच नव्हती. दाराशी उभी करून ठेवलेली. लागेल तेवढं वरच्यावर काढायची आणि परत चेन लावायची. आई म्हणायची, "अगं कपाट रिकामं केलंय ना तुझ्यासाठी." वहिनी म्हणायची, "असू दे हो, दोनदा घड्या कोण घालणार." भाची त्याच बॅगेला टेकून दूध प्यायची.

मी बी.एड.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मग काय! मी म्हटलं, मी आहे ना, घरी तयारी करून घेते! एका बैठकीत सगळे लेसन प्लॅन काढले. उद्दिष्ट, साधनं, कृती, मूल्यमापन, सगळं अगदी कॉलेजात शिकवतात तसं. सकाळी गणित, दुपारी लेखन. स्केचपेनने तक्ता करून फ्रिजवर लावला. आईने चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, "यात पोरीने श्वास कधी घ्यायचा ते लिहायचं राहिलं."

पहिल्याच सकाळी माझा प्लॅन आडवा झाला.

"सात आणि आठ किती?"

भाची पंख्याकडे बघत बसली.

"बरं, सात आणि सात?"

पंखा.

आणि गंमत म्हणजे तिला येत होतं! फ्रॉकच्या घडीत तिची बोटं भराभर मोजत होती, मला दिसत होतं. ओठ मात्र शिवलेले. दुपारी लेखनाला बसवलं, विषय दिला 'माझी आई'. तिने वर मथळा लिहिला, 'माझी आई'. पट्टी घेऊन त्याच्याखाली रेघ मारली. मग आणखी एक रेघ मारली. मग रेघांना फुलं काढली. झालं लेखन.

वहिनीला विचारलं तेव्हा कळलं. जुन्या शाळेत कुणी चुकीचं उत्तर दिलं की बाई अख्ख्या वर्गाला विचारायच्या, "काय झालं?" आणि अख्खा वर्ग एका सुरात म्हणायचा, "चूऊऊक!" एकदा हिच्या वाट्याला ते आलं आणि तेव्हापासून हिने उत्तरं देणंच बंद केलं.

मला वाटलं, सराव वाढवला की भीती जाईल. म्हणून मी तक्त्यात आणखी कागद घुसवले. तिसऱ्या दिवशी भाचीच्या पोटात दुखायला लागलं. ती बाथरूमचं दार लावून आत बसली आणि बाहेरून वहिनी माझ्यावर घसरली. एरवी मला 'अगं' म्हणते. त्या दिवशी म्हणाली, "वन्सं, तुमचं बी.एड. माझ्या पोरीला आजारी पाडतंय. राहू द्या. जायचंच असेल परत, तर धडधाकट तरी जाऊ."

मी तक्ता काढून ठेवला. दसरा जवळ येत होता आणि माझ्या हातात काही नव्हतं.

आमच्या सोसायटीत मराठी घरं पुष्कळ आहेत. त्यामुळे नवरात्रात संध्याकाळी खालच्या चौकात भोंडला आणि रात्री गरबा, असा डबल कार्यक्रम असतो. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची, आणि मग जिचा दिवस असेल ती डब्यात झाकून खिरापत आणते. डबा हलवते. आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. नाही ओळखता आलं तर सगळ्यांनी मोठ्याने "हरलो" म्हणायचं, मगच डबा उघडतो. बडोद्यात हे सगळ्यांना माहीत झालंय, गुजराती बायकापण येतात, आणि या वर्षी तर तळमजल्यावरच्या बेननी जाहीरच केलं होतं, "आ वखते मारो वारो!" म्हणजे एक दिवस खिरापत त्यांची.

त्यांचा दिवस आला. त्यांनी डबा हलवला. आवाज बारीक, धड खुळखुळ नाही, धड गप्प नाही.

"गोड का तिखट?"

"बंने!"

"दोन्ही? मग पोह्यांचा चिवडा!"

"ना."

"भडंग!"

"ना ना."

शेव झाली, शंकरपाळी झाली, चकली झाली, मसाल्याचे दाणे झाले. बेन खूश होऊन डुलत होत्या. बायका हरलो म्हणायच्या बेतात होत्या, तेवढ्यात वहिनीच्या मागून एक बारीक आवाज आला.

"हे घरी केलंय का?"

सगळ्यांनी वळून बघितलं. हा प्रश्न भोंडल्यात कुणी विचारतच नाही. खिरापत घरचीच असते, तो काय प्रश्न झाला? बेनचा चेहरा पडला. म्हणाल्या, "हं... ना. घरनुं नथी."

"मग ओलं आहे का? थोडंसं?"

"हा, थोडुंक."

"मग तो हिरवा चिवडा. बाबांनी पहिल्या दिवशी आणलेला."

लीलो चिवडो, बडोद्याचा खास! बडोद्यात जन्म गेला आमचा आणि ओळखला नंदुरबारहून आलेल्या पोरीने! बेननी तिला उचलून घेतलं. मी मात्र तिथेच उभी. जी मुलगी सात आणि सात सांगत नाही, ती तीस बायकांसमोर बोलली होती.

घरी येताना जिन्यात तिला विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

ती म्हणाली, "मी उत्तर कुठे दिलं आधी? मी विचारलं. विचारलेल्याला कुणी चूक म्हणत नाही."

झालं! मी तो काढून ठेवलेला तक्ता टराटरा फाडला. दुसऱ्या सकाळी आईचा स्टीलचा डबा घेतला, चिठ्ठीवर आकडा लिहून आत टाकला, वर चार चिंचोके टाकले वाजायला, आणि डबा हलवला. "ओळख."

ती आधी पंख्याकडे बघायला लागली. मग डब्याकडे. मग म्हणाली, "पन्नासच्या वर आहे?"

"नाही."

"पाचाच्या पाढ्यातला?"

"हो."

"दोनाच्या पाढ्यातला पण आहे?"

"नाही."

"पंचविसाच्या वर?"

"हो."

मग तिने डोळे बारीक केले. "पस्तीस नाहीतर पंचेचाळीस. चाळीसच्या वर?" "नाही." "पस्तीस!" आणि ही ओरडली! घरात एवढ्याने पहिल्यांदा ओरडली. आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं डबा पायावर पडला.

मग काय विचारता. बेरजा डब्यात, वजाबाक्या डब्यात, भागाकार डब्यात. शाब्दिक गणित दिलं की ती आधी त्याला चारी बाजूंनी प्रश्न विचारायची, मग उत्तर द्यायची, आणि बहुतेक वेळा बरोबर. लेखनासाठी मी उलटं केलं. म्हटलं, आता डबा तुझा. तू लपव आणि ओळखायला खुणा लिहून दे. कंगवा, कढीपत्ता, आजीचा चष्मा, एकेका वस्तूवर ती पानभर लिहायला लागली! माझी तर हवाच झाली, मैत्रिणींना फोन करकरून सांगत होते.

फक्त वहिनी बाजूला उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "छान आहे ग. पण परीक्षेला ती टीचर डबा घेऊन बसणार नाहीये." मी म्हटलं, "वहिनी, तू बघच." तिने दाराशी जाऊन बॅग भिंतीला नीट लावून ठेवली.

दसऱ्याला आमच्या घरची खिरापत होती. काय करायचं ते भाचीवर सोपवलं. सकाळी दादा रांगेत उभा राहून फाफडा-जिलबी घेऊन आला होता, आईला वाटलं जिलबीच ठेवू. भाची म्हणाली, "ते सगळ्यांच्या घरी आहे, लगेच ओळखतील." आणि तिने ठरवलं पोळीचा लाडू. कालच्या उरलेल्या पोळ्यांचा! आईने कपाळाला हात लावला. "सणाच्या दिवशी शिळ्या पोळ्या? अख्खी सोसायटी नावं ठेवेल मला!" पण नात हटेना. शेवटी आईने भरपूर तूप घालून अब्रू वाचवली.

संध्याकाळी भाचीने स्वतः लिहिलेल्या खुणा सगळ्यांसमोर वाचल्या. "मी काल वेगळी होते. काल मला कुणी खाल्लं नाही. आज सगळे हात पुढे करतील. मला दोनदा आकार दिला, एकदा चपटा, एकदा गोल." बायकांनी काय काय म्हणून बघितलं! कुणाला येईना. सणाच्या दिवशी शिळ्या पोळीचा विचार कोण करणार? शेवटी अख्खा चौक एका सुरात ओरडला, "हरलोऽऽ!"

तेव्हाचा तिचा चेहरा विसरणार नाही मी. एका सुरात ओरडणारी माणसं तिने याआधीही ऐकली होती. पण तेव्हा ती हरली म्हणून. आज तिने सगळ्यांना हरवलं म्हणून.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा. म्हणजे आज.

दादाला सुट्टी नव्हती, तो कंपनीच्या बसने गेला. जाताना एक बूट सापडत नव्हता, तो रोजच सापडत नाही. मी आणि वहिनी भाचीला घेऊन शाळेत गेलो. टीचरनी तिला आत घेतलं, दार अर्धं लोटलं, आम्ही बाहेरच्या बाकावर. वहिनीने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

आतून टीचरचा आवाज आला. हिंदी, गुजराती, मराठी, सगळं मिसळून बोलत होत्या, प्रेमळ होता आवाज. "एक टोपलीत चोवीस केळी आहेत. सहा मुलांना सारखी वाटायची. एकेकाला किती?"

मग आमच्या बाईसाहेब म्हणाल्या, "सगळी केळी चांगली आहेत का?"

"हो, सगळी चांगली."

"टीचर पण घेणार का?"

"नाही बेटा, फक्त मुलं."

"कुणी घरी न्यायला जास्त मागितली का?"

"कोणी नाही मागितली. जवाब आप ने, बेटा, उत्तर दे."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी बाकाच्या रंगाचे पोपडे काढत होते.

"दहाच्या वर आहे का?"

"अरे, ते तू सांगायचं! मी विचारलं ना?"

वाटलं, उठून आत जावं आणि ओरडावं, अगं सांग ना, येतंय तुला! मग आतून ऐकू आलं, "चार." अगदी सहज. पुढचं गणित, पुन्हा सगळी उलटतपासणी, पुन्हा बरोबर उत्तर. पण एकेका गणिताला एवढा वेळ! वहिनी दातांवर दात ठेवून म्हणाली, "शिकवलंस ग बाई. वकील केलंस माझ्या पोरीला."

मग लेखन. विषय 'माझं घर'. आतून काहीच आवाज नाही. फक्त पेन्सिल. ती थांबतच नव्हती, तेव्हा मला जरा बरं वाटलं. मला वाटलं, हे तर नक्की जमलं.

मग दार उघडलं. "ओ बेन, अंदर आवो जरा. दोघी या."

टीचर मध्यम वयाच्या होत्या, कपाळावर आठी. कागद त्यांच्या हातात. म्हणाल्या, "गणित येतं हिला, पण अर्धा पेपर तसाच राहिला. चालो, ते ठीक. पण हे काय? मी 'माझं घर' लिहायला सांगितलं. आमां घर क्यां छे? यात घर कुठेय? घर कुठलं, कसं, कोण राहतं, काहीच सांगितलं नाही. असं मी प्रिन्सिपल मॅडमना कसं दाखवू?"

मी कागद घेतला आणि वाचला. तिने घर लपवून ठेवलं होतं. अक्षर सुंदर, वाक्यं नीट, आणि वर लिहिलेलं, 'ओळखा'.

"ते गावाला नाही. तिथे सकाळी एक बूट हरवतो आणि बस हॉर्न वाजवते. तिथे दोन बायका भांडतात आणि मग एकाच पातेल्यात चहा करतात. तिथला स्टीलचा डबा खायला देत नाही. तिथे दाराजवळ एक बॅग उभी आहे. ती रोज जाणार असते. ती गेली नाही तर ते माझं. सांगा कुठलं?"

हे मीच शिकवलं होतं. मीच! काल अख्ख्या चौकाने हरलो म्हटलं, मग तिला वाटणारच ना, की वाचणाऱ्याला ओळखता आलं नाही म्हणजे आपण चांगलं लिहिलं. मी काहीतरी समजावायला तोंड उघडलं, भोंडला, खिरापत, पण माझं सगळं एकात एक अडकलं.

वहिनीने माझ्या हातातून कागद घेतला. वाचला. परत वाचला, आणि म्हणाली, "हे आमचं घर आहे, टीचर. इथलं. आत्ताचं."

"आई!" भाची एकदम चिडली. "तू नाही ओळखायचं! तुला माहितीये. टीचर, तुम्हाला आलं का?"

टीचर तिच्याकडे बघत राहिल्या. "मने? नाही आलं. फ्लॅट आहे का टेनामेंट, म्हणजे बैठं घर?"

"फ्लॅट."

"लिफ्ट आहे?"

"नाही. पण ते विचारून नाही येणार ओळखता. हरलात का? हरले म्हणावं लागतं."

मला वाटलं, संपलं. गेली जागा. वहिनीने डोळे मिटले. टीचरनी कागद टेबलावर ठेवला, आठी तशीच, आणि म्हणाल्या, "सारुं. हारी गई, बस? हवे बोल, आता सांग."

भाचीने पेन्सिल घेतली, कागद स्वतःकडे ओढला आणि खाली लिहिलं, "आजीचं घर. बडोदा. आता माझं पण." आणि परत दिला.

टीचर हसल्या नाहीत हं. एवढंच म्हणाल्या, "मॅडमना दाखवते. संध्याकाळपर्यंत फोन करू." आणि आम्ही बाहेर.

घरी आईने जेवायला वाढलं, कुणी जेवलं नाही. मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते. दादाचा सारखा फोन, "काय झालं?" आणि दर वेळी वहिनी, "लाइन मोकळी ठेवा!" म्हणून कापायची. भाची बॅगेला टेकून बसली होती. मधेच तिने मला विचारलं, "आत्या, टीचरना राग आला का?" मी म्हटलं, "माहीत नाही ग." खरंच माहीत नव्हतं.

आणि आत्ता, दिवेलागणीला, फोन आला. वहिनीने उचलला आणि स्पीकरवर टाकला. त्याच टीचर होत्या. "मेडमे हा पाडी, मॅडम हो म्हणाल्या. सोमवारपासून पाठवा. पण बेन, एक शरत. दिवाळीपर्यंत रोज घरी लिहून घ्यायचं आणि पहिल्या ओळीत उत्तर पाहिजे. नंतर पाहिजे तेवढ्या खुणा लिहू दे. मी काय रोज हरायला नाही बसले."

वहिनी हो हो हो एवढंच म्हणत होती. मग फोन ठेवला आणि सरळ दाराशी गेली. बॅगेची चेन सर्रकन उघडली आणि सगळं पलंगावर ओतलं. साड्या, दादाचे शर्ट, एक कुकर (कुकर आणला होता!), गोधडी. आई म्हणतेय, "अगं हळू," दादा फोनवर ओरडतोय, आणि रिकामी बॅग माळ्यावर चढवायला मला हाका मारतायत. जातेच आता. पण मघाशी भाचीने माझ्या कानात विचारलं, "त्या शाळेत चूक म्हणतात का ग सगळे?" मी म्हटलं, "मला नाही माहीत. सोमवारी तूच विचार." त्यावर ती जरा विचार करून म्हणाली, "हां. विचारता येईल."

आता मला उद्यापासून नवा प्लॅन करायचाय, पहिल्या ओळीत उत्तर लिहायचा, आणि ते या डब्यातून कसं शिकवायचं ते मला अजिबात सुचत नाहीये. तुम्ही घरी मुलांना शिकवता? तुमच्याकडे झालंय का कधी असं, की शिकवायला गेलात एक, पोराने उचललं भलतंच, आणि ऐन वेळी ते भलतंच तुमच्यासमोर कागदावर येऊन उभं राहिलं? तेव्हा काय केलंत?